रिकामा जार आणि सतरा सेंटीमीटर: माझ्याच गुडघ्याची केस

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. चाकणला टू-व्हीलरच्या शॉकअपच्या टेस्टिंगमध्ये आहे, सतरा वर्षं झाली. दणका, वेग, तेल, व्हॉल्व्ह हे माझं रोजचं. गुडघा हा माझा विषय नव्हता, तो मागच्या जूनमध्ये झाला आणि मग सुट्टीवर घरी पडून असताना जे सापडेल ते वाचत गेलो. ही केस लिहायचं कारण म्हणजे त्या काळात जो कोणी भेटायला आला त्याने "वजन" हाच शब्द काढला. वजन उचललंस, वजन वाढलंय, वजन कमी कर. आणि माझं मत असं झालंय की या केसमध्ये वजनाचा संबंध थोडा आहे, वेळेचा फार जास्त.

पेशंटची माहिती: पुरुष, ४१, वजन ७८ किलो, गुडघ्याचं आधीचं काही दुखणं नाही. महिन्यातून तीन रविवार सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने वर आणि त्याच वाटेने खाली. चढाई साधारण ६०० मीटरची, म्हणजे उतरताना आपल्या बिल्डिंगच्या मापाने तीन-साडेतीन हजार पायऱ्या झाल्या, आणि वर पिठलं-भाकरी खाऊन उतरायचं. गुडघा कधी कुरकुरला नाही.

घटना. शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ, लिफ्ट बंद, जिन्यातला तळमजल्याचा बल्ब आठवडाभर गेलेला. पाण्याचा वीस लिटरचा रिकामा जार खाली ठेवायला निघालो. रिकामा, हे लक्षात ठेवा, एक किलोसुद्धा नसेल. पण दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, त्यामुळे पायाखालचं दिसत नव्हतं. शेवटच्या पायरीवर आलो आणि मला वाटलं की फरशी आली. सपाट जमिनीवर टाकतो तसा डावा पाय पुढे टाकला, गुडघा जवळजवळ सरळ. खाली काही नाही. तो क्षण सगळ्यांनी अनुभवलाय, पोटात खड्डा पडतो तो. मग टाच फरशीवर, टाचेतून वर गुडघ्यापर्यंत सळसळत गेलेली एक कळ, आणि दात एकमेकांवर आपटले त्याचा आवाज. पडलो नाही. जारसुद्धा हातातून सुटला नाही. वॉचमन म्हणाला, "काय झालं साहेब?" मी म्हटलं, काही नाही, पायरी चुकली. आणि लंगडत लंगडत चार मजले वर आलो, जो शहाणपणा नव्हता.

सकाळी गुडघा सुजलेला, वाटीच्या वरचा खळगा भरलेला. आईने निर्गुडीचा पाला काढला, समोरच्या काकूंनी "अरे बाबा जार उचलतात का असे, मुलाला सांगायचं" म्हणून ऐकवलं. मी सांगत होतो की जार रिकामा होता, कोणी ऐकलं नाही. एक्स-रे काढला, नॉर्मल. ऑर्थोवाले म्हणाले गादीला मार बसलाय, आराम करा, दहा दिवसांनी बघू. दहा दिवसांनी जिना उतरताना अजूनही आतल्या बाजूला दुखत होतं म्हणून एमआरआय. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी होत्या. लिगामेंट आणि मेनिस्कस (दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती) व्यवस्थित. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूला, बोन मॅरो इडिमा, म्हणजे हाडाच्या आत मुका मार. आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या गोलाईवरच्या कार्टिलेजला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत कूर्चेला, डॉक्टरांच्या भाषेत गादीला, एक चीर, जाडीच्या निम्म्यापेक्षा कमी खोल.

मला अडकवलं ते "गादी" या शब्दाने. डॉक्टर सगळ्यांना तसंच सांगतात, दुसरं काय सांगणार, पण गादी म्हटलं की आपल्या डोक्यात फोम येतो, दणका बसला की दबते आणि दणका खाऊन टाकते. कार्टिलेज तसं नाही. गुडघ्यात त्याची जाडी दोन ते चार मिलिमीटर, वाटीच्या मागे थोडं जास्त. एवढ्याशा जाडीत दणका खायला जागाच कुठे आहे? १९७० मध्ये अमेरिकेत एरिक रॅडिन आणि इगोर पॉल यांनी हाच प्रश्न विचारून प्रयोग केले आणि उत्तर आलं की आघात शोषून घेण्यात कार्टिलेजचा वाटा किरकोळ आहे, खरं काम हाड आणि आजूबाजूचे मऊ भाग करतात. मला हे वाचून आपल्याच कामातली गोष्ट आठवली, गिऱ्हाईक शॉकअपला दोष देतो आणि निम्मा दणका टायरने खाल्लेला असतो.

मग कार्टिलेज करतं काय? ते समजायला श्रीखंडाचा चक्का बघा. दही मलमलच्या फडक्यात बांधून टांगलं की पाणी रात्रभर ठिबकतं. आईला घाई असली की ती पुरचुंडी चाळणीत ठेवून वर वरवंटा ठेवते, मग तीन-चार तासांत होतं, पुरचुंडी हळूहळू बसते, फडक्याला काही होत नाही. आता तोच वरवंटा वरून आपटला तर? (लहानपणी मामेभावाने आणि मी केलंय हे, भिंत पुसायला अर्धा दिवस गेला.) पाणी एका झटक्यात बाहेर पडूच शकत नाही, वाट अरुंद आहे. पाणी दबत तर नाहीच. मग पुरचुंडी बाजूंना फुगते, फडकं ताणलं जातं आणि फाटतं ते ताणलेल्या जागी.

कार्टिलेजमध्ये साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं. फडकं म्हणजे कोलॅजेनचे धागे, वरच्या थरात पृष्ठभागाला समांतर पसरलेले, खालच्या थरात उभे, हाडात रुतलेले. दह्याच्या जागी प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू, त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाणी धरून ठेवतात. पेशी फार थोड्या, रक्तवाहिनी नाही, नस नाही. १९८० मध्ये व्हॅन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं गणितात बसवलं, एक घन जाळी आणि तिच्यातून वाहणारं पाणी, दोन्ही मिळून भार घेतात असं, आणि आजही या क्षेत्रात सुरुवात तिथूनच होते.

त्या गणितातला एक आकडा मी वहीवर काढला आणि त्यानंतर माझ्यापुरता बराचसा उलगडा झाला. जाळीचा स्वतःचा कडकपणा साधारण अर्धा मेगापास्कल धरा, एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटीमीटरवर दहा किलो, म्हणजे हा कडकपणा तसा फुसकाच. पाणी वाहू द्यायची क्षमता इतकी कमी की लिहिताना दशांशचिन्हानंतर चौदा शून्यं द्यावी लागतात. जाडी दोन मिलिमीटर धरली तर पाणी बाहेर पडून स्थिर व्हायला लागणारा वेळ येतो चार हजार सेकंद, तासाच्या वर. तासाच्या वर! आणि माझी टाच आपटून शरीर थांबेपर्यंतचा वेळ किती असेल? आमच्या जिन्याची पायरी सतरा सेंटीमीटरची, तेवढ्यावरून मोकळं पडलं तर खाली पोचताना वेग १.८३ मीटर प्रति सेकंद. पाय सरळ, म्हणजे थांबायला जागा फक्त टाचेची चरबी, चपलेचा तळवा आणि थोडं इकडंतिकडं, अडीच सेंटीमीटर धरू. थांबायला लागले २७ मिलिसेकंद. मागचा पाय वरच्या पायरीवर होता, त्याने थोडं सावरलं असेल, तेव्हा हा दणक्याचा वरचा अंदाज समजा. तरी चार हजार सेकंद कुठे आणि २७ मिलिसेकंद कुठे, दीड लाख पटीचा फरक. २७ मिलिसेकंदांत पाणी सरकेल ते कडेच्या पाचेक मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थरात, आपला केस सुद्धा त्याच्या दहा-पंधरा पट जाड असतो. बाकी सगळं पाणी जागच्या जागी अडकलेलं.

पाणी अडकलं की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे कार्टिलेज कडक होतं. सावकाश दाबलं तर अर्धा-एक मेगापास्कल असणारी वस्तू झटक्यात दाबली तर दहा-वीस-तीस मेगापास्कलची होते. भाराचा नव्वद टक्क्यांच्या वर हिस्सा पाण्याचा दाब उचलतो, जाळीवर फार थोडा येतो, आणि ही खरं म्हणजे चांगली गोष्ट आहे. चालताना, पळताना, गड उतरताना प्रत्येक पावलाला हेच होतं, जाळी वाचते आणि घर्षणही कमी राहतं. तेव्हा झटका म्हणजे वाईटच असं समजू नका, झटक्यासाठीच ही रचना झालीय. दुसरी गोष्ट मात्र त्रासाची. पाणी आकारमान बदलू देत नाही, म्हणून वरून दाबलेलं बाजूला सरकायला बघतं आणि वरच्या थरातले धागे ताणले जातात, फडक्यासारखे. ताण सहन होण्यापलीकडे गेला की चीर पडते, पृष्ठभागावर, बऱ्याचदा तिरकी.

इथे आमच्या धंद्यातली एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. चांगल्या शॉकअपमध्ये पिस्टनवर पातळ चकत्यांची गड्डी असते. खड्डा मोठा आला, पिस्टन जोरात गेला की त्या चकत्या वाकतात आणि तेलाला जास्त वाट मिळते, नाहीतर दांडा वाकेल. कार्टिलेजमध्ये असा सुटकेचा व्हॉल्व्ह नाही. उलटंच आहे, दाबलं की जाळीची भोकं अजून बारीक होतात आणि पाण्याची वाट अजून अडते. माझ्या हाताखालच्या पोराने असलं डिझाइन आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. पण मग शरीराने सुटकेचा व्हॉल्व्ह ठेवलाय कुठे? गुडघ्याबाहेर, मांडीच्या स्नायूत.

गड उतरताना काय होतं बघा. डोळ्यांना दगड दिसतो, टाच टेकायच्या आधीच मांडीचा पुढचा स्नायू ताठ होतो, गुडघा किंचित वाकलेला असतो आणि टेकल्यावर अजून वाकत जातो. थांबायला अडीच सेंटीमीटरऐवजी पंधरा-सतरा मिळतात. साधं गणित आहे, पडायचं अंतर आणि थांबायचं अंतर सारखं असेल तर पायावर सरासरी वजनाच्या दुप्पट जोर येतो, थांबायला अडीचच सेंटीमीटर असतील तर जवळजवळ आठपट. आता कोणी म्हणेल, बघा, आठपट, म्हणजे वजनच की! थांबा जरा. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये आत सेन्सर बसवलेले कृत्रिम गुडघे पेशंटला बसवून मोजमापं घेतली आहेत, २०१० ची, त्यात नुसतं सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या २.६ पट भार येतो आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट, कारण स्नायू स्वतःही सांधा आवळतो. म्हणजे माझा गुडघा दर रविवारी साडेतीन हजार वेळा साडेतीनपट सहन करत होता. त्या रात्री आठपट आलं असं धरलं तरी भार झाला जेमतेम सव्वादोन-अडीचपट. पण साडेतीनपट चढायला साधारण दीडशे मिलिसेकंद मिळत होते आणि आठपट चढलं २७ मध्ये. भार चढायचा वेग बारा-तेरा पट. जास्त बदललं ते हे.

आणि स्नायू त्या रात्री गेला कुठे होता? तो हजरच नव्हता. मेंदूने त्याला सांगितलं होतं, फरशी आली. हवेत घालवलेला वेळ सुमारे १८५ मिलिसेकंद. पायाखाली काही नाही हे कळून प्रतिक्षिप्त क्रिया सुरू व्हायला पाऊणशे-शंभर जातात, मग स्नायूत जोर भरायला अजून तेवढेच. म्हणजे मदत निघाली होती, पोचेपर्यंत टाच आपटली होती. मीटरभर उंचीवरून जाणूनबुजून उडी मारणारा पोरगा हसत उभा राहतो आणि सतरा सेंटीमीटरवाला लंगडतो, ते यामुळे. पायरी चुकणं हे उडी मारण्यापेक्षा वाईट.

आता जिथे माझं गणित अडतं ते पण लिहितो, नाहीतर केस अर्धी राहील. १९७७ मध्ये रेपो आणि फिनले यांनी कार्टिलेजच्या तुकड्यांवर आघाताचे प्रयोग केले, त्यात सुमारे २५ मेगापास्कलला पेशी मरायला लागल्या आणि चिरा दिसायला लागल्या. २५ म्हणजे चौरस सेंटीमीटरवर अडीचशे किलो. माझे आठपट म्हणजे सहा हजार न्यूटन, साधारण सहाशे किलोचा जोर, गुडघ्यातला टेकायचा भाग मेनिस्कस धरून अकरा-बारा चौरस सेंटीमीटर, भागाकार केला तर पाच मेगापास्कल. २५ च्या आसपास सुद्धा नाही. मग चीर कशी?

मला दोन उत्तरं दिसतात. पहिलं, भार सारखा वाटला गेला नसणार. सरळ पाय, थोडा वाकडा पडलेला, सगळा दणका आतल्या कप्प्यात, आणि सरळ गुडघ्यात तर टेकायची जागा जिथे रोज टेकते त्याच्यापेक्षा पुढे सरकते. सरासरी पाच असली तरी एखाद्या ठिकाणी तिप्पट-चौपट होऊ शकते. शिवाय २५ ही काही लक्ष्मणरेषा नाही, वेगावर सुद्धा असतं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत रॉजर हॉट यांच्या लॅबने २००१ मध्ये एकाच कमाल दाबापर्यंत कार्टिलेज दोन वेगांनी दाबून पाहिलं. वेगात दाबलं तर चिरा जास्त आणि मेलेल्या पेशी त्या चिरांच्या आसपास, हळू दाबलं तर चिरा कमी पण पेशी सगळ्या जाडीभर मेलेल्या. म्हणजे हळू ते सुरक्षित असंही नाही, हळू भारात मोडतोड वेगळ्या जागी होते एवढंच. हे वाचून माझा "वेळच सगळं" हा उत्साह जरा खाली आला, आणि ते बरंच झालं.

दुसरं उत्तर मला आवडत नाही पण तेच खरं असायची शक्यता भरपूर आहे. चीर जुनी असेल. अमेरिकेत एकतीस हजारांवर गुडघ्यांच्या दुर्बिणीच्या तपासण्यांचा आढावा १९९७ मध्ये आला होता, त्यात ६३ टक्के गुडघ्यांत कार्टिलेजला काही ना काही इजा सापडली. ते सगळे काहीतरी दुखतंय म्हणून आलेले लोक, हे खरं, तरी आकडा मोठा आहे. कार्टिलेजला नस नाही, चीर पडली तरी ते बोंब मारत नाही. एमआरआयमधली चीर बघून तिची तारीख सांगता येत नाही. हाडातल्या इडिम्याची मात्र अंदाजे सांगता येते, माराने आलेला असेल तर तो ताजा असतो आणि काही महिन्यांत विरतो. त्यामुळे मी ठामपणे एवढंच म्हणतो की हाडाचा मार त्या रात्रीचा आहे आणि दुखत होतं ते बहुतेक हाडच, कारण हाडाला नसा आहेत. कार्टिलेज त्या २७ मिलिसेकंदांत दगडासारखं कडक झालं आणि दणका जसाच्या तसा खालच्या हाडाला देऊन मोकळं झालं. रॅडिन आणि पॉल यांनी म्हटलं होतं तसंच, दणका हाडाने खाल्ला.

पुढचं थोडक्यात. तीन आठवडे काठी, मग सहा आठवडे उड्या-धावणं बंद, सायकल चालू. पूर्ण आराम डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं आणि ते मला पटलं, रक्तवाहिनी नसलेल्या या कार्टिलेजला पोषण मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि सांधा हळूहळू हलता राहिला, दाब येत-जात राहिला की ते आत-बाहेर व्हायला मदत होते. पडून राहून गुडघ्याचं भलं होत नाही, आणि मांडी बारीक होते ती वेगळीच. फिजिओ मॅडमनी मांडीच्या पुढच्या स्नायूवर जोर दिला आणि दहाव्या आठवड्यापासून एक व्यायाम दिला तो मला फार आवडला. दहा सेंटीमीटरच्या पाटावरून खाली उतरायचं, आवाज न करता. "आवाज आला तर परत." धप्प झालं की नापास. इतकं साधं मीटर! मी मोबाइलमधल्या सेन्सरने मोजायला गेलो होतो, मोबाइल नडगीला क्रेप बँडेजने बांधून, पण ते ॲप सेकंदाला शंभरच नोंदी घेतं, २७ मिलिसेकंदांच्या घटनेत दोन-तीन ठिपके पडतात, त्यावरून काय कळणार. कान जास्त बरा निघाला. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, धप्प झालं!"

पाच महिन्यांनी दुसरा एमआरआय केला. डॉक्टर म्हणाले गरज नाही, मी हट्टाने केला, पैसे माझेच गेले. हाड स्वच्छ. चीर तेवढीच, तिथेच, ना वाढली ना भरली. ती जुनी की त्या रात्रीची हा प्रश्न आहे तिथेच आहे. डिसेंबरात गड चढलो, उतरताना काठी घेतली होती, लागली नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बल्बचा विषय काढला आणि शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारायला सांगितलं. बल्ब लागला. पट्टाही मारला, पण पेंटरने वरून मोजत आणला आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर मारला. सेक्रेटरींना दोनदा सांगून झालंय.